मध्यरात्रीचं दळण

[दृश्य: काळोख. लांबवर कुत्रं भुंकतंय. मग एकदम यंत्राची घरघर, आणि एक पिवळा दिवा लागतो.]

रात्रीचा एक वाजलाय. हे लुसाका, आफ्रिकेतल्या झांबियाची राजधानी. शहराच्या कडेच्या या वस्तीत आत्ता वीज आली, आणि आल्या आल्या गिरणी सुरू झाली. बायका डोक्यावर मक्याची पोती घेऊन अंधारातून चालत येतायत. काहींच्या पाठीला बाळ बांधलेलं. रांग लागलीय, पण फारसं कुणी बोलत नाही. वीज किती वेळ राहील हे कुणालाच माहीत नाही, आणि गिरणी थांबायच्या आत आपला नंबर यावा एवढंच सगळ्यांच्या मनात आहे.

२०२४ च्या उत्तरार्धात झांबियात दिवसाला एकवीस-एकवीस तास वीज नसायची. ग्रामीण महाराष्ट्रात ज्यांनी लोडशेडिंगच्या काळात रात्री दोनला उठून विहिरीवरची मोटर चालू केलीय, त्यांना ही रांग समजावून सांगायला नको.

[दृश्य: कोळशाची शेगडी, काळं पातेलं, लाकडी दांड्यानं पीठ घोटणारे हात.]

हे पीठ जातं न्शिमामध्ये. आपली तांदळाची उकड असते ना, तसंच काहीसं, पण मक्याचं आणि खूप घट्ट. आधणात पीठ वैरायचं, गुठळी होऊ न देता लाकडी दांड्यानं घोटत राहायचं, मनगट दुखेपर्यंत. सोबत पालेभाजी किंवा सुकी मासळी. झांबियात माणूस दिवसभर काहीही खाईल, पण न्शिमा पोटात गेला नाही तर जेवलो असं म्हणत नाही. म्हणून मका पिकला नाही की तिथे नुसतं एक पीक बुडत नाही, जेवणच बुडतं.

[दृश्य: वाळलेलं मक्याचं शेत. एक हात कणसाचं पान सोलतो.]

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मका पिकला नाही. तुरे आले होते, कणसं लागली होती, नेमका दाणा भरायच्या वेळी पाऊस गेला. लांबून शेत उभं दिसतं. जवळ जाऊन कणीस सोललं की आत बोटभर बुरकुंडा, त्यावर विखुरलेले चार-सहा दाणे. लावलेल्या सुमारे २२ लाख हेक्टर मक्यापैकी १० लाखांच्या आसपास गेला. २९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ११६ पैकी ८४ जिल्हे दुष्काळात. आदल्या वर्षी ३२ लाख टनांच्या वर झालेलं उत्पादन १५ लाखांवर आलं.

इथवरची गोष्ट दुष्काळाची. ती आपल्याला ओळखीची आहे. झांबियाची गोष्ट वेगळी होते ती पुढे, धरणाच्या भिंतीपाशी.

[दृश्य: करिबा धरणाची कमान. किनाऱ्यावर उघड्या पडलेल्या खडकांचा फिकट पट्टा.]

झांबेझी नदीवरचं करिबा धरण. एका काठावर झांबिया, दुसऱ्या काठावर झिंबाब्वे. पाणीसाठ्याच्या हिशेबात माणसानं बांधलेला हा जगातला सगळ्यात मोठा जलाशय, आपल्या कोयनेसारखी साठ धरणं पोटात घेईल एवढा. कोयनेचं आणि त्याचं आणखी एक नातं आहे. जलाशय भरल्यावर १९६३ मध्ये करिबाला मोठा भूकंप झाला, १९६७ मध्ये कोयनेला. धरण आणि भूकंप यांचा संबंध शिकवताना ही दोन नावं बहुतेक जोडीनंच येतात. धरणग्रस्तांची गोष्टही तशीच. करिबासाठी टोंगा लोकांची गावं उठवली, दोन्ही काठांची मिळून ५७ हजार माणसं. त्यांची श्रद्धा अशी की न्यामी न्यामी हा नदीचा सर्परूपी देव भिंतीमुळे आपल्या बायकोपासून तुटला. दिवे शहरात आणि खाणीत लागले, उठवलेल्या कित्येक गावांत पिढ्यान् पिढ्या लागले नाहीत.

झांबियाची ८० टक्क्यांहून जास्त वीज पाण्यावर होते. आता करिबाचा आकडा पाहा. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४८८.५ मीटर असेल तर धरण भरलं. ४७५.५ मीटरवर आली की झडपा बंद. एवढ्या अजस्र तलावातलं वरचं तेरा मीटर पाणी हाच उपयुक्त साठा, खालचा सगळा मृतसाठा. २०२४ मध्ये उपयुक्त साठा दहा टक्क्यांच्या खाली गेला. समोर क्षितिजापर्यंत पाणी दिसतंय, आणि वीज करायला पाणी नाही.

पण हे अचानक झालं का? नाही. २०१६ च्या जानेवारीत करिबा असंच तळाला गेलं होतं. २०१९ मध्ये पुन्हा, २०२२ च्या अखेरीस आणखी एकदा. दहा वर्षांत चौथी वेळ. मग मधल्या काळात देशानं दुसरी सोय का केली नाही, हा प्रश्न कुणीही विचारेल. उत्तर कर्जाच्या कागदात आहे.

[दृश्य: तांब्याच्या खाणीची उघडी पायरीपायरीची खोदाई. अवजड डंपर.]

झांबियाच्या निर्यातीच्या उत्पन्नातला जवळपास सत्तर टक्के वाटा तांब्याचा. २०१२ मध्ये तांब्याला सोन्याचे दिवस होते. झांबियानं पहिल्यांदाच परदेशी बाजारात डॉलरमधले कर्जरोखे काढले, ७५ कोटींचे, साडेपाच टक्क्यांच्या आसपास व्याजानं. घ्यायला उड्या पडल्या, कित्येक पटींनी मागणी आली. दोन वर्षांनी आणखी १०० कोटी, व्याज साडेआठ टक्के. २०१५ मध्ये १२५ कोटी, व्याज नऊ टक्क्यांच्या घरात. सावकार दर वेळी व्याज का चढवतो, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. २०१५ मध्येच तांबं पडलं, क्वाचा हे चलन कोसळलं आणि करिबाचं पाणीही उतरलं. तिन्ही एकाच वर्षी.

रस्ते, विमानतळ, वीजप्रकल्प, यासाठी चीनकडूनही मोठी कर्जं घेतली गेली. त्यातून काफुए नदीवर ७५० मेगावॅटचा नवा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. चांगला प्रकल्प आहे. पण तोही पाण्यावरच. म्हणजे वीज वाढवायला डॉलरचं कर्ज काढलं, आणि ते गुंतवलं पुन्हा त्याच पावसावर. याला नुसता सरकारचा नाकर्तेपणा म्हणायचं का, मला नाही वाटत. उधळपट्टी होती, नक्की होती. पण मोठा प्रकल्प म्हणजे धरण, हे गणित साठ वर्षं सगळ्यांनीच शिकवलं होतं.

सरकार कर गोळा करतं क्वाचामध्ये, हप्ते फेडतं डॉलरमध्ये. २०१३ मध्ये एका डॉलरला पाच-साडेपाच क्वाचा लागायचे, २०२४ मध्ये पंचवीसच्या वर. कर्जाचा आकडा न वाढताही ओझं वाढत जातं ते असं. १३ नोव्हेंबर २०२० रोजी सव्वाचार कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला. कोरोनाच्या काळात कर्ज थकवणारा आफ्रिकेतला तो पहिला देश.

मग सुरू झाली तडजोड. चीन वेगळा, पाश्चात्त्य सरकारं वेगळी, रोखेधारक वेगळे. प्रत्येकाची अट एकच: आधी दुसऱ्यानं आपलं येणं सोडावं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कर्ज-कार्यक्रम मंजूर झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. सरकारी सावकारांशी ६.३ अब्ज डॉलरवर समझोता, जून २०२३. रोखेधारकांशी करार पुरा व्हायला जून २०२४ उजाडला. साडेतीन वर्षं गेली. तोवर शेतं जळून चार महिने झाले होते.

त्या करारात एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. देशाची परिस्थिती अंदाजापेक्षा सुधारली, तर रोखेधारकांना जास्त पैसे, आणि लवकर. याउलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडानं २०१५ मध्ये आपल्या रोख्यांत कलम घालून घेतलं होतं की चक्रीवादळ आलं तर हप्ता पुढे जाईल. २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं आणि ते कलम खरंच वापरलं गेलं.

[दृश्य: शाळेचा वर्ग. एका बाकावर चार-पाच मुलं.]

पैसा अडकतो तेव्हा नेमकं काय अडकतं? २०२२ मध्ये झांबियानं माध्यमिक शिक्षण मोफत केलं, तीस हजारांवर शिक्षक भरले. वर्ग ओसंडून वाहू लागले. ही खरी कमाई. पण २०२४ च्या जानेवारीत त्या शाळा वेळेवर उघडल्याच नाहीत, कारण कॉलरा. लुसाकाच्या दाट वस्त्यांत संडासाचे खड्डे आणि उथळ विहिरी शेजारी शेजारी. सातशेहून अधिक माणसं गेली. राजधानीतलं हीरोज स्टेडियम, जिथे फुटबॉलचे सामने होतात, तिथे खाटा मांडून सलाइन लावली गेली. नळाचं पाणी आणि गटारं, ज्यासाठी पैसा हवा होता, ती कामं अशीच वर्षानुवर्षं मागे पडलेली.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी. या दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटानं एप्रिल २०२४ मध्ये निष्कर्ष काढला की पाऊस हुकण्यामागे मुख्य हात एल निनोचा होता, हवामानबदलाचा ठळक ठसा त्यात सापडला नाही. म्हणजे प्रत्येक दुष्काळाचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. पण वाढत्या उष्म्यानं माती लवकर सुकते, जलाशयाची वाफ जास्त होते, हेही तितकंच खरं. आणि एल निनो काही नवा नाही. तो येणार हे महिनोन् महिने आधी कळतं. कळूनही तयारी करायला हातात पैसे नसणं, मला वाटतं दुखणं तिथे आहे.

[दृश्य: रस्त्याच्या कडेला कोळशाच्या पोत्यांची रांग. मागे तोडलेलं रान.]

मग लोक आपापली तयारी करतात. वेल्डिंगवाला रात्रपाळी करतो. केस कापणारा छोटं सोलर पॅनेल आणतो, ज्याला परवडतं तो. बाकी सगळे कोळशाकडे वळतात. कोळसा येतो रानातून, आणि रान तोडणारा बहुधा तोच, ज्याचा मका जळाला. दुसरं विकायला त्याच्याकडे काय आहे?

खाणींना मात्र पूर्ण अंधारात ठेवता येत नाही. देशातली जवळपास निम्मी वीज खाणी खातात. त्या थांबल्या तर डॉलर थांबतात, आणि डॉलर थांबले तर बाहेरून वीज आणि मका कशानं आणायचा? म्हणून आधी घरांचे दिवे जातात.

२०२५ मध्ये पाऊस चांगला झाला. मका विक्रमी आला, ३६ लाख टनांच्या वर. पण शेत एका पावसात हिरवं होतं, करिबा होत नाही. नव्या मक्याची पोती आली तेव्हाही भारनियमन संपलेलं नव्हतं.

[दृश्य: पुन्हा ती गिरणी. दिवा लुकलुकतो आणि जातो. घरघर मंदावत थांबते.]

वीज गेली. अर्धं पोतं दळून झालंय, अर्धं राहिलंय. बाई पीठ फडक्यात बांधते, उरलेल्या मक्याच्या पोत्यावर बसते, आणि बाळाला पाठीवरून मांडीवर घेते.