तासाभराची बैठक : ब्लॅकजॅक आणि खिशातल्या रकमेचा हिशेब

(पणजी येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

मांडवीच्या पात्रातील कसिनोच्या जहाजांचा विषय निघाला की ती तिथे असावीत की नसावीत, यावरच आपल्याकडे बोलणे अडते. तो वाद मी आज बाजूला ठेवतो. गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून कसिनोत खेळायला बंदी असल्यामुळे या सभागृहातील अनेकांना आजचे गणित उपयोगी पडेल ते कोल्हापूर-सांगलीहून आलेल्या पाहुण्याला समजावून सांगण्यापुरतेच. पाहुण्याचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : तास-दीड तास ब्लॅकजॅक खेळायचे, तर किती रक्कम घेऊन जावे आणि एका डावावर किती लावावे?

या खेळात पत्त्यांची बेरीज एकवीसच्या पुढे जाऊ न देता डीलरच्या, म्हणजे कसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याच्या, बेरजेवर मात करायची असते. त्याचे शास्त्र नवे नाही. अमेरिकी लष्करात असताना चौघांनी साध्या गणनयंत्रांवर प्रत्येक हाताचा हिशेब मांडला आणि १९५६ साली तो एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या धर्तीच्या, कोणत्या पत्त्यांवर काय करावे हे सांगणाऱ्या तक्त्याप्रमाणे एकही चूक न करता खेळले आणि टेबलाचे नियम बरे असले, तर लावलेल्या रकमेवर घराचा, म्हणजे कसिनोचा, फायदा सुमारे अर्धा टक्का राहतो. ब्लॅकजॅक लागल्यावर, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाल्यावर, तीनास दोनऐवजी (दोन रुपयांवर तीन) सहास पाच (पाच रुपयांवर सहा) या दराने पैसे मिळणार असतील, तर त्यात जवळजवळ दीड टक्क्याची भर पडते, म्हणून तसल्या टेबलावर बसूच नये.

आता एका डावाला १,००० रुपये आणि तासाला ६० डाव असे धरू. अर्ध्या टक्क्याने सरासरी तोटा होतो ३०० रुपये. परंतु त्या तासातील चढउताराचे प्रमाण, ज्याला आम्ही प्रमाण विचलन म्हणतो, ते जवळजवळ ९,००० रुपये असते. म्हणजे तीनांपैकी दोन बैठकांचा शेवट साधारण नऊ हजारांच्या तोट्यापासून साडेआठ हजारांच्या नफ्यापर्यंत कुठेतरी होतो. वनपर्वातील ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या फांद्यांवरची पानेफळे अंदाजाने मोजून दाखवतो आणि नळाला अक्षविद्या देतो. पण त्या ऋतुपर्णालाही एका तासात अर्धा टक्का नजरेने दिसला नसता. छोट्या बैठकीचा निकाल पत्ते लावतात. आपल्या हाती उरते ते एवढेच, की रक्कम मध्येच संपू नये आणि संध्याकाळ ठरल्यापेक्षा महाग पडू नये.

डावाच्या दहापट रक्कम घेऊन बसणारा साधारण चार बैठकांत एकदा तास पुरा होण्याआधीच रिकामा होतो. वीसपट घेऊन बसणाऱ्यावर ती वेळ साधारण चाळीस बैठकांत एकदा येते. फरक एवढा मोठा का, हे एका हातावरून समजेल. तुमच्याकडे दोन अठ्ठ्या आल्या आहेत आणि डीलरची छक्की उघडी आहे. तक्ता सांगतो, जोडी फोडा, म्हणजे तेवढीच पैज आणखी लावून दोन वेगळे हात खेळा. १,००० चे २,००० झाले. पहिल्या अठ्ठीवर तिर्री आली, अकरा झाले, पैज दुप्पट करा. दुसरीवर दुर्री आली, दहा झाले, तीही दुप्पट करा. टेबलावर आता ४,००० आहेत आणि प्रत्येक पाऊल बरोबर पडलेले आहे. तेवढ्यात डीलर झाकलेली दश्शी उलटतो, सोळांवर पंजी ओढतो आणि एकवीस करून सगळे नेतो. अशा वेळी ज्याच्यापाशी डावाच्या सुरुवातीलाच दोनच हजार उरलेले असतात त्याला पैज दुप्पट करता येत नाही, आणि घराचा फायदा अर्ध्या टक्क्यावर आणणारी सवलतच त्याच्या हातून जाते. म्हणून पंचवीस-तीस डावांची रक्कम हवी. तेवढी नसेल तर कमी पैजेचे टेबल शोधावे, आणि तेही नसेल तर वरच्या डेकवर जेवून परतावे.

हरल्यावर दुप्पट लावण्याची युक्ती पाहुणे हटकून सांगतात. १,००० पासून सुरुवात केली तर सलग सहा डाव हरल्यावर ६३,००० गेलेले असतात आणि सातव्यासाठी ६४,००० लागतात. बहुधा त्याआधीच टेबलाची कमाल मर्यादा आड येते. साठ डावांत अशी सलग सहा हारींची रांग येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. एकच रक्कम शेवटपर्यंत लावत राहणे कंटाळवाणे असते, पण स्वस्तात पडते.

परदेशी सल्ल्यांचे पान आपल्याकडे उलटते ते चिप्स, म्हणजे खेळात पैशांऐवजी लावायच्या चकत्या, विकत घेण्याच्या खिडकीवर. तिकडचा सल्ला असा, की भरपूर चिप्स घेऊन बसावे आणि उरलेल्या परत कराव्यात. आपल्याकडे चिप्सच्या खरेदीच्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, आणि न खेळता परत केलेल्या चिप्सवरचा कर वजा होत नाही. भरलेल्या २०,००० रुपयांतच कर धरलेला असेल, तर चिप्स मिळतात सुमारे १४,२८५ रुपयांच्या. एकही पत्ता पडण्याआधी ५,७१४ रुपये गेले. मघाच्या ३०० रुपयांच्या सरासरी तोट्याच्या ही एकोणीस पट आहे. हा भार ग्राहकावर नेमका किती टाकला जातो, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्यास नवा कर लागत नाही. मात्र खिडकीवर दुसऱ्यांदा गेलात की तो पुन्हा लागतो. तेव्हा पंचवीस डावांची रक्कम, एकाच फेरीत, आणि त्याहून एक चिपही जास्त नको.

प्रवेशाच्या तिकिटाबरोबर एकदाच खेळता येणाऱ्या चिप्स मिळाल्या, तर त्यांची खरी किंमत दर्शनी आकड्याच्या निम्म्याच्या आसपास धरावी, कारण जिंकलात तरी ती चिप परत मिळत नाही. डीलरचा एक्का दिसल्यावर विचारला जाणारा विमा, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावरची वेगळी पैज, तर घेऊच नये. त्यावर घराचा फायदा सात टक्क्यांहून अधिक असतो.

जिंकून उठणाऱ्याचा हिशेबही तिथे संपत नाही. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के आयकर लागतो आणि आदल्या रात्रीचा तोटा त्यातून वजा करता येत नाही. शनिवारी १५,००० हरलेला आणि रविवारी तेवढेच जिंकलेला पाहुणा 'बरोबरीत सुटलो' असे समजून गावी जातो, पण रविवारच्या कमाईवरचा कर त्याच्या नावावर शिल्लकच असतो.