रोज एक हात, अजिंठ्यातला

नमस्कार मंडळी. चहा झाला असेल तर ऐका, नसेल झाला तर आधण ठेवा आणि ऐका. जवळ एखादी पेन्सिल असेल तर तीही घ्या हाताशी.

गेली सहा वर्षं मी रोज सकाळी अजिंठ्याच्या चित्रांमधला एक हात काढते. एकच हात. अख्खं चित्र नाही, चेहरा नाही, मुकुट नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा तो कमळ धरलेला हात तर शंभरदा तरी काढला असेल, आणि अजूनही त्या बोटांच्या वळणात काहीतरी नवीन दिसतंच. वेळ किती लागतो? कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत काढायचं, बास. सामान म्हणजे शाळेची कोरी वही आणि टू-बी पेन्सिल. खोडरबर नको. चुकलेली रेघ तशीच राहू दे, तिच्या शेजारी दुसरी काढा, म्हणजे कुठं चुकलं ते दिसत राहतं. आणि ते हजार रुपयांचे स्केचबुक कुणाला भेट देऊ नका हो, माणूस पहिलं पान खराब होईल म्हणून वर्षभर उघडत नाही.

पुन्हा सांगते, रोज एक हात. बाकी काही नाही.

आता मला जी गोष्ट सांगायचीये ती सांगते. तीन वर्षांपूर्वी आईला म्हटलं चल, लेणी बघायला जाऊ. आम्ही जळगावच्या, लहानपणी शाळेच्या सहलीत बघून झालेलं सगळं, त्यामुळे ती म्हणाली आता काय बघायचंय परत, माझे गुडघे दुखतात. पण आली. फर्दापूरच्या फाट्यावर उतरलो, आतली बस घेतली, पायऱ्यांपाशी डोलीवाले विचारत होते पण ती म्हणाली मी चालत जाणार, आणि दर दहा पायऱ्यांना थांबत थांबत चढली. सतराव्या लेण्यात पोचलो तेव्हा बाहेर रणरणतं ऊन आणि आत एकदम अंधार, तिथं डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो, लोक आत येतात, मोबाईल काढतात, काही दिसत नाही म्हणतात आणि दोन मिनिटांत बाहेर. आम्ही थांबलो. हळूहळू भिंतीतून एक एक माणूस पुढं आल्यासारखं झालं. तिथं ती आरशात बघणारी राणी आहे बघा, शेजारी दासी, हातात तबक. मी वही काढली आणि त्या दिवशी लोभ सुटला, हात सोडून अख्खी राणी काढायला घेतली. आणि ती पडायला लागली. म्हणजे माझ्या कागदावर हो, प्रत्येक वेळी ती कलंडलेलीच यायची. चार वेळा काढली, चार वेळा कलंडली.

आई खाली बसली होती. तिनं आयुष्यात रांगोळीशिवाय काही काढलेलं नाही. ती म्हणाली, "अगं, तू वरूनच काय सुरू करतेस, तिचे पाय बघ ना आधी. सगळा भार एकाच पायावर टाकलाय तिनं. दुसरा नुसता टेकवलाय. मी नाही का ओट्याशी पोळ्या करताना उभी राहत, एक पाय दुखला की दुसऱ्यावर?" आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि उभी राहून दाखवलं. भाराच्या बाजूची कंबर वर आली, त्याच बाजूचा खांदा जरासा खाली गेला. तेवढ्यात पहारेकरी आले, पुढं सरका म्हणणारच होते, पण त्यांनी आईकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं, आणि मागची रांग दुसऱ्या बाजूनं वळवली. आम्हाला दहा मिनिटं मिळाली. पाचव्या वेळी राणी उभी राहिली.

गवंडी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडतो ना, तसा मनातल्या मनात गळ्याच्या खळगीतून सोडायचा. भार एका पायावर असेल तर ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ येतो. पुन्हा सांगते, गळ्याची खळगी आणि भाराच्या पायाचा घोटा. एवढं सांभाळलं की माणूस कागदावर पडत नाही. दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी उभी असलेली आई काढली, त्याच पानाच्या मागं. लाटणं धरलेल्या तिच्या हाताला मी इतकी वर्षं कधी नीट बघितलंच नव्हतं.

लोक म्हणतात नक्कल करून काय मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षं अजिंठ्यात या चित्रांच्या नकलाच करत होता, त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. त्याची आणि इथल्याच पारोची प्रेमकहाणी सगळ्यांना पाठ असते, त्याच्या कामाबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. मग १८७२ पासून मुंबईच्या आर्ट स्कूलचे शिक्षक ग्रिफिथ्स साहेब तिथली पोरं घेऊन आले, त्यात पुढं चित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बोमनजी होते, त्याही कामातलं बरंचसं १८८५ च्या आगीत जळलं. पुढं बंगालचे चित्रकार नंदलाल बोसही इथं येऊन याच भिंतींसमोर बसले. एवढी मोठी माणसं रेघ शिकायला इथं येत होती, आणि आपल्या शाळांमध्ये चित्रकलेचा तास अजून गणिताला देऊन टाकतात, याचा मला खरंच राग येतो.

तर मंडळी, आजचा हात. सतराव्या लेण्यातलीच ती तबकवाली दासी. कुकर लावून बसले होते सकाळी, आणि अडले ते अंगठ्यापाशी, तबकाच्या काठावर आहे की आत वळलाय, माझ्याकडच्या छापील चित्रात ते नीट कळतच नाही. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवारची पहाटेची एसटी बघून ठेवलीये. आईनं कालच विचारलं, दशम्या किती करायच्या?