टक्के उन्हाचे असतात, माऱ्याचे नव्हेत

(कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, हुरडा आणि बैलगाडीच्या जोडीला पेंटबॉलचे, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडण्याच्या खेळाचे, मैदान आपल्यापैकी अनेकांनी सुरू केले आहे, त्यामुळे मार्कर, म्हणजे ती गोळी मारणारी बंदूक, कशी असते आणि गोळी कशी भरतात हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. मैदानासाठी सुरक्षित आणि परवडणारी जाळी कशी निवडावी, हा आजचा विषय आहे. परंतु त्याआधी एका शब्दाविषयी बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. तो शब्द म्हणजे ‘टक्के’.

कर्जतजवळ आमचे मैदान उभे राहिले तेव्हा मार्कर, मुखवटे आणि सिलिंडर घेता घेता पैसे संपत आले आणि जाळीची खरेदी अगदी शेवटी उरली. शेतीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने विचारले, “पन्नास टक्के देऊ की पंचाहत्तर?” जास्त टक्के म्हणजे जास्त बळकट, असे मी मनाशी धरले आणि पंचाहत्तर टक्क्यांची हिरवी शेडनेट घेऊन आलो. दुकानदार खोटे बोलला नव्हता. ते टक्के उन्हाचे होते, म्हणजे जाळी किती ऊन अडवते याचे, आणि सावलीत वाढणाऱ्या शोभेच्या झाडांसाठी ती जाळी उत्तमच होती. गोळीचा मारा ती किती सोसेल, हे त्या आकड्यात कोठेच नव्हते.

त्या जाळीने दोन उन्हाळे काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलमधल्या एका रविवारी, एक आजी नातवाला कडेवर घेऊन जाळीपाशी उभ्या होत्या, कारण त्यांची सून आत खेळत होती आणि मुलाला आई दाखवायची होती. एक गोळी न फुटता जाळीतून आरपार आली आणि त्यांच्या मागे ठेवलेल्या पाण्याच्या पिंपावर आदळून फुटली. मुलाचे डोके आणि त्या गोळीची वाट यांत वीतभर अंतर असेल. आजींनी खांद्यावरचा रंग पदराने पुसला आणि काही झाले नाही म्हणून मलाच धीर दिला. संध्याकाळी मी त्या ठिकाणी जाळीला नुसता अंगठा लावला, तर ती पापडासारखी मोडली. हे माझ्या मैदानावर घडले आणि त्याची जबाबदारी माझी होती, म्हणूनच संधी मिळेल तेथे मी हे सांगतो.

गोळीचा हिशेब एकदा मांडून पाहा. नेहमीच्या पेंटबॉलचा व्यास सुमारे 17 मिलिमीटर आणि वजन सुमारे 3 ग्रॅम असते. वेगाची मर्यादा सेकंदाला 300 फूट, म्हणजे ताशी सुमारे 330 किलोमीटर, अशी सर्वसाधारणपणे पाळली जाते. या वेगाच्या गोळीत जेवढी ऊर्जा असते, तेवढी ताशी 45 किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असते. परंतु चेंडूच्या मानाने गोळी ती ऊर्जा सुमारे सतरापट लहान जागेवर उतरवते. बॉक्स क्रिकेटचा टर्फ असलेले काही जण तीच जाळी पेंटबॉलसाठी वापरू पाहतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नये, कारण त्या जाळीच्या 40 मिलिमीटरच्या घरातून 17 मिलिमीटरची गोळी कोठेही न अडता बाहेर जाते.

हा खेळ प्रथम 27 जून 1981 रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर येथे, बारा जणांनी रानात खेळला, आणि झाडांवर व गुरांवर खूण करण्यासाठी बनवलेले मार्कर त्यात वापरले गेले. दाट रानात झाडीच गोळी अडवते. आपण मात्र मोकळ्या माळावर खेळतो आणि कडेला बघ्यांसाठी चहाचे टेबल मांडतो, म्हणून ते काम जाळीवर येते. अमेरिकेतील एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने अशा जाळीच्या चाचणीसाठी एफ 2278 आणि उभारणीसाठी एफ 2184 अशी स्वतंत्र मानके केली आहेत. आपल्याकडील आयएस 16008 हे मानक शेती आणि बागायतीतील शेडनेटसाठी आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जे सांगण्याचे कबूल केले होते ते आता भरभर सांगतो.

जाळी पेंटबॉलसाठीच विणलेली, अतिनील किरणांना टिकणारी घ्यावी आणि विक्रेत्याकडे एफ 2278 चा चाचणी अहवाल मागावा. थान विकत घेण्यापूर्वी मीटरभर तुकडा आणून तो सैल टांगावा, मागे पांढरी चादर लावावी, क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेग तपासावा आणि मुखवटा घालून तीन मीटरवरून एकाच जागी वीस गोळ्या माराव्यात. चादरीवर शिंतोडे चालतील; अख्खी गोळी एकदाही पलीकडे गेली, तर तो माल परत करावा. हीच चाचणी दर हंगामाआधी, जेथे ऊन सर्वांत जास्त लागते तेथील तुकड्यावर करावी.

आता पैशांचे. एक एकराच्या चौरस मैदानाचा घेर सुमारे 254 मीटर भरतो, म्हणजे चार मीटर उंचीची एकेरी जाळी हजार चौरस मीटरहून अधिक लागते, आणि हा आकडा ऐकूनच माणूस शेडनेटकडे वळतो. माझे म्हणणे असे की, मैदानाची जागा आधी निवडावी. दोन बाजूंना डोंगराचा उभा, उंच कापलेला उतार असेल आणि त्यावर कोणी चढणार नाही अशी सोय केली, तर तिसऱ्या बाजूला एकेरी आणि बघ्यांच्या बाजूला मीटरभर अंतर सोडून दुहेरी जाळी लावूनही एकूण 770 चौरस मीटरच्या आसपास भागते. एक चतुर्थांश जाळी वाचते आणि जेथे लेकरे उभी राहतात तेथे पडदे दोन होतात.

जाळी ताणून बांधू नये, कारण सैल जाळी मारा झेलताना मागे सरते. मात्र ती फुगून बाहेर येते, म्हणून बघ्यांसाठी जाळीच्या बाहेर, तिच्यापासून दोन मीटरवर, दोरीचे कुंपण घालावे आणि शिंतोड्यांपासून बचावासाठी तेथेही मुखवटे द्यावेत. खालची कड जमिनीवर हातभर लोळू द्यावी. वरची कड कप्पीवर घ्यावी, कारण वळवाच्या वाऱ्यात दाट जाळी शिडासारखी वागते: ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्यात बारा चौरस मीटरच्या पूर्ण बंद पडद्यावर सुमारे 290 किलोचा जोर येतो, आणि जाळीवर तो काही कमी असला तरी साधे बांबू तेवढ्याने आडवे होतात. पावसाळ्यात जाळी उतरवून सावलीत ठेवावी.

मागच्या टेबलावर तीन तुकडे ठेवले आहेत: एक नवी शेडनेट, एक आमची ती जुनी आणि एक पेंटबॉलची जाळी. जाण्यापूर्वी तिन्हींना अंगठा लावून पाहावा.