फुलपाखराला पाय किती?

मागच्या वेळी इथेच एका पाचवीतल्या पोराने माझी विकेट काढली. मी फळ्यावर रुबाबात लिहिलं होतं, कीटक म्हणजे डोकं, छाती, पोट आणि सहा पाय, विषय संपला. तर तो म्हणतो, सर, बाहेर रुईवर फुलपाखरू बसलंय त्याला चारच पाय आहेत, मी मोजलेत. गेलो बाहेर. केशरी अंग, पंखांची टोकं काळी त्यात पांढरे पट्टे, प्लेन टायगर. आणि पाय खरंच चार!

तर आज तिथूनच सुरू करतो. पाय सहाच असतात आणि ते सगळे छातीला जोडलेले, पंखही छातीलाच, चार पंख बरं का, दोन नाही, पोटाला यातलं काहीच नाही. पण प्लेन टायगरच्या कुळात पुढची जोडी आखडून गेलेली असते, छातीला चिकटवून धरलेली, उभं राहायला तिचा काही उपयोग नाही, म्हणून आपल्याला चार दिसतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ ला जाहीर केलं ते, नीलवंत म्हणतात बघा, ते मात्र सहाही पाय टेकवून बसतं.

मग हे दोन पाय ठेवलेत कशाला? मादी अंडी घालायला आली की नीट बघा. पानावर बसते आणि त्या आखूड पायांनी पटापट टपल्या मारते, आपण कलिंगड घेताना मारतो तशा, फक्त आपण आवाज ऐकतो आणि ती चव घेते, कारण चव कळणारे बारीक केस तिच्या पायावर असतात. जिभेचं काम पायाला! पान चुकलं तर अळी उपाशी मरणार, तिला रुई नाहीतर रुईचं गणगोतच लागतं. शनिवारी मारुतीला वाहतो तीच रुई, तिच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला फारसे जात नाहीत.

तोंडाचं अजून भारी आहे. अळीला कातरणारे जबडे, फुलपाखराला सोंड, आणि कोषातून बाहेर आल्या आल्या ती सोंड दोन अर्ध्या नळ्यांची असते, गुंडाळत-उलगडत बसतं तेव्हा कुठे जुळते. त्याच वेळी कधीकधी लालसर थेंब पडतो, लोक घाबरतात रक्त आलं म्हणून. ती कोषातली साठलेली घाण. याचं रक्त लाल नसतंच, कारण ऑक्सिजन वाहायचं काम रक्ताकडे नाहीये, अंगाच्या दोन्ही बाजूंना छिद्रं असतात तिथून हवा नळ्यांनी थेट आत जाते. फुप्फुसं वगैरे भानगडच नाही.

चला, चहा घ्या आणि मागच्या गेटपाशी या, रुई अजून तिथेच आहे. पाय मोजा, फक्त चिमटीत धरू नका, बोटाला जी पावडर लागते ना ती त्याच्या पंखावरची खवलं असतात, आणि ती परत उगवत नाहीत.