बूच काढण्याआधी

(छत्रपती संभाजीनगर इथे हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून आलेले आहात. पुष्कळांच्या घरी माळ आहे, घरात दारूचा विषयसुद्धा निघत नाही. आणि मी उभा आहे वाइनची बाटली कशी उघडायची, कशी वाढायची हे सांगायला. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, हे काम चांगलं करायला वाइन प्यावी लागत नाही. आयुष्यात थेंबही न घेतलेले उत्तम स्टुअर्ड, म्हणजे टेबलावर वाढणारे, मी पाहिलेत. नाक तयार लागतं, हात स्थिर लागतो आणि प्रत्येक नियमामागचं कारण ठाऊक असावं लागतं. माझा सगळा भर कारणांवर आहे. हे नियम ठरले युरोपातल्या थंड हवेत आणि आपल्याला ते पाळायचेत मराठवाड्यात. नियम नुसता पाठ केला तर इथे तो फसतो. कारण कळलं असेल तर इथे काय करायचं हे तुमचं तुम्हालाच सुचतं.

तशी वाइन या मुलखाला अगदीच अनोळखी नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत आपलं पैठण आणि आपलं तेर, म्हणजे त्या वेळचं तगर, दोन्ही आहेत. पैठणहून गोमेद आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचं, आणि त्याच बंदरात परदेशी वाइन उतरायची. त्यात इटलीच्या वाइनला जास्त मागणी, असंही त्यानं लिहून ठेवलंय. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात गेलात तर मान वर करून छत बघा. हातात पेला घेतलेला परदेशी पोशाखातला एक पुरुष बसलाय आणि भोवती सेवक उभे आहेत. लोक त्याच्याकडे बघतात. तुम्ही सेवकांकडे बघा. पाहुण्याला मागावं लागू नये, इतक्या जवळ आणि इतकं सज्ज उभं राहणं हाच आपला पेशा आहे.

आता कामाचं. सगळ्यात आधी तापमान, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. ती खोली म्हणजे युरोपातलं जुनं दगडी घर, १६ ते १८ अंशांचं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ आणि स्टोअररूममध्ये ३५. त्या तापमानाची रेड ग्लासात ओतली की मद्यार्क भराभर उडतो, नाकाला झोंबतो आणि फळाचा वास त्याखाली दबून जातो. गेस्ट म्हणतो, वाइन फार कडक आहे. वाइन कडक नसते, ती तापलेली असते. म्हणून आपल्याकडे रेडसुद्धा थंड करायची. दहा-पंधरा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायची आणि काढायची. व्हाइट ८ ते १२ अंशांवर द्यायची, स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, ६ ते ८ वर. रेड मात्र फ्रिजमधून काढून तशीच गारठलेली देऊ नका. फार थंडीत वास मिटतो आणि रेडमधला तुरटपणा जिभेवर जास्त बोचतो. डिसेंबरात परभणीला पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा हाच प्रश्न उलटा होतो. अशा रात्री रेड थोडी आधी गरम खोलीत आणून ठेवावी लागते. पुस्तकातला आकडा एकच. करायचं काय ते ऋतू ठरवतो.

आइस बकेटमध्ये नुसता बर्फ भरून त्यावर बाटली टेकवलेली मी जागोजागी बघतो. बर्फाचे खडे काचेला चार ठिकाणी टेकतात, मध्ये सगळी हवा. निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घ्या, बाटलीच्या खांद्यापर्यंत. पाणी काचेला सगळीकडून लागतं आणि उष्णता खेचून घेतं. घाई असेल तर मूठभर मीठ टाका, पाणी शून्याच्याही खाली जातं. उन्हाळ्यात व्हाइट बाटली अशी अर्ध्या तासात तयार होते.

साठवणीचंही सांगून टाकतो. बूच असलेली बाटली आडवी ठेवतात, कारण वाइन लागून राहिली की बूच ओलं राहतं, फुगलेलं राहतं, हवा आत शिरत नाही. स्क्रू-कॅपच्या, म्हणजे फिरवून उघडायच्या टोपीच्या बाटलीला ही गरज नाही, ती उभी ठेवली तरी चालते. पण दोन्हींना ऊन आणि उकाडा चालत नाही. किचनच्या भिंतीला लागून असलेला रॅक, फ्रिजच्या माथ्यावरची जागा, खिडकीतलं शोकेस, ही ठिकाणं सोडा. दिवसभर लाइट नसेल आणि जनरेटर फक्त डायनिंग हॉलला असेल, तर स्टोअरमधल्या बाटल्यांचं काय होतं हे बघायला कुणीतरी जायला हवं. बूच वर सरकलेलं दिसलं किंवा फॉइलखालून चिकट ओघळ आलेला असला, तर ती बाटली तापून गेलेली असण्याची दाट शक्यता. टेबलावर नेण्याआधी मॅनेजरला दाखवा.

बाटली टेबलाशी न्यायची ती ज्यांनी ऑर्डर दिली त्यांच्या उजव्या बाजूनं, लेबल त्यांच्याकडे करून. नाव, द्राक्षाची जात आणि वाइन कोणत्या सालची ते हळू पण स्पष्ट बोलायचं. हा देखावा नव्हे. मागवली तीच आली का, साल तेच आहे का, हे उघडण्याआधी त्यांनी तपासायचं असतं. एकदा बूच निघालं की बाटली परत स्टोअरमध्ये जात नाही, तिचे पैसे कुणाला तरी भरावे लागतात.

हा कॉर्कस्क्रू बघा. घडी घालून खिशात मावतो. १८८२ साली कार्ल विंके नावाच्या जर्मन माणसानं याच्या मूळ घडणीचं पेटंट घेतलं आणि आजही वेटरच्या खिशात त्याच धर्तीचा असतो. छोट्या पात्यानं फॉइल कापायची, बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेखाली. वरच्या कडेवर कापली तर ओतताना वाइन फॉइलवरून वाहते. पूर्वी या टोप्या शिशाच्या असायच्या, तेव्हापासूनची ही काळजी आहे. शिसं गेलं, पण फॉइलखाली साचलेली धूळ आणि बुरशी आजही असते. म्हणून फॉइल काढली की नॅपकिननं तोंड पुसायचंच.

आता स्क्रूचं टोक. जवळ या, मागच्यांना दिसणार नाही. टोक बुचाच्या मधोमध न टोचता मध्यापासून किंचित बाजूला टेकवायचं, कारण ही वेटोळी तार आहे. तिचा अक्ष मध्यावर यायचा तर टोक बाजूला हवं. पहिला वेढा आत गेला की सरळ उभं करा आणि सावकाश फिरवत जा. बाटली फिरवायची नाही, मनगट फिरवायचं. शेवटचा एक वेढा बाहेर दिसत राहू द्या. पूर्ण आत घातलात तर तार बुचाच्या तळातून बाहेर येते आणि भुसा वाइनमध्ये पडतो. मग कॉर्कस्क्रूच्या दुमडत्या दांडीची पहिली खाच बाटलीच्या ओठावर टेकवून अर्धं बूच वर घ्या, दुसरी खाच टेकवून बाकीचं. अगदी शेवटचा भाग हातानं, बोटांत धरून, हलकेच हलवत. आवाज येता कामा नये. शेजारच्या टेबलावर बोलणं चाललंय, ते तुमच्या बुचानं तुटू नये.

हे बूच म्हणजे झाडाची साल. ओकच्या एका जातीची, जगातली निम्मी एकट्या पोर्तुगालमधून येते. साधारण पंचवीस वर्षांचं झाड झालं की पहिल्यांदा सोलतात आणि मग दर नऊ वर्षांनी. झाड मरत नाही, साल पुन्हा धरते. या सालीत कधीकधी एक रसायन तयार होतं, ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. वास येतो ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा. त्यानं माणसाला अपाय होत नाही, पण वाइनचा स्वतःचा वास मरतो. बाटलीच्या तोंडाशी तुम्ही नाक नेलंत तर न पिता हे ओळखता येतं. माळ असलेल्यांनी हे मनावर घ्या. बूच बशीत ठेवून गेस्टसमोर ठेवायचं ते ओलसर आहे का आणि त्यावरचा शिक्का लेबलशी जुळतो का, हे त्यांना बघता यावं म्हणून.

यजमानाच्या, म्हणजे ज्यांनी ऑर्डर दिली त्यांच्या ग्लासात आधी दोन घोट ओतायचे ते बिघाड ओळखता यावा याच कारणासाठी. वाइन आवडली का, असा तो प्रश्न नाही. ती बिघडलेली नाही ना, एवढंच त्यांनी सांगायचं असतं. पुठ्ठ्याचा वास, व्हिनेगरची आंबट झाक, शिजवलेल्या मनुकांसारखी उतरलेली चव, हे बिघाड. गेस्टनं बिघडलीय म्हटलं तर वाद घालायचा नाही. बाटली उचला, कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला बोलवा. सगळं ठीक असेल तर बाकीच्यांना आधी, स्त्रिया आणि वडीलधारे पहिले, उजवीकडून, आणि यजमानाला शेवटी. ओतून झालं की मनगट किंचित फिरवून बाटली उचला, थेंब टेबलावर पडत नाही.

किती ओतायचं? बाटली ७५० मिलीची, म्हणजे दीडशेचे पाच ग्लास. टेबलाला आठ माणसं असतील तर पहिल्या फेरीत नव्वदच्या वर जाऊ नका, नाहीतर शेवटच्या माणसापर्यंत बाटली रिकामी झालेली असते आणि ते फार वाईट दिसतं. ग्लास एक तृतीयांशच भरायचा. रिकाम्या जागेत वास गोळा होतो, ती जागा गेस्टनं पैसे देऊन घेतलेली आहे.

ग्लासाचं आपल्याकडे एक स्वतंत्र दुखणं आहे. बोअरचं आणि टँकरचं जड पाणी. धुतलेला ग्लास वाळला की पांढरे डाग पडतात आणि दिव्याखाली ते लगेच दिसतात. शेवटचं पाणी आरओचं घ्या, त्यात थोडं व्हिनेगर, मग साध्या पाण्याची वाफ आणि सुती कापड. मसाल्याच्या डब्याशेजारी ग्लास पालथे ठेवू नका. काचेच्या पोटात वास अडकतो. आणि धरायचा नेहमी देठाला, नाहीतर बोटांचे ठसेही उमटतात आणि वाइनही तापते.

स्क्रू-कॅपच्या बाटलीत कमीपणा मानू नका. आपल्या देशातल्या कितीतरी चांगल्या वाइन याच टोपीत येतात आणि उष्ण हवेत तिला अर्थही आहे. लेबल दाखवणं, चव देणं, सगळं तसंच करायचं.

स्पार्कलिंगला मात्र घाबरायला हवं. आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. तापलेल्या बाटलीत तो आणखी वाढतो. आधी पूर्ण थंड करा. फॉइल काढा, अंगठा बुचावर ठेवा आणि मगच तारेची पिळी सोडवा. ती साधारण सहा अर्ध्या वळणांत सुटते. त्या क्षणापासून बूच बाहेर येईपर्यंत अंगठा उचलायचा नाही. बाटली तिरपी धरा, तोंड माणसांकडे नको, झुंबराकडेही नको. एका हातात बूच घट्ट, दुसऱ्या हातानं बाटली बुडाकडून फिरवा. दाबच बूच ढकलतो, तुम्ही त्याला अडवत अडवत बाहेर येऊ द्यायचं. वाढदिवसाला बूच उडवणारे लोक असतात. तुमच्या टेबलावर ते होऊ देऊ नका, डोळा जातो.

जेवणाबद्दल थोडं, कारण इथले गेस्ट विचारतातच. वेरूळ-अजिंठ्याला आलेल्या परदेशी माणसाला नानखलिया खायचा असतो आणि सोबत काय घेऊ म्हणतो. मटणाची चरबी आणि जिभेवर रेंगाळणारा मसाला, त्याला मध्यम अंगाची शिराज ही रेड चांगली जाते, पण १६ अंशांवर. येसर किंवा ठेच्यासारखं तिखट समोर असेल तर जड, तुरट रेड सुचवू नका. मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तिथे थंडगार, थोडी गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट द्या. जालन्याकडच्या कडवंची गावची द्राक्षं वाइनला चालतील का, असं मला मागे एका मुलानं विचारलं होतं. ती खायची द्राक्षं, मोठी आणि पाणीदार. वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बिया असलेली. रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो.

उरलेली बाटली बंद करून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून. तीन-चार दिवसांनी ती ग्लासनं विकायची नाही.

आता पुढच्या टेबलांवर पाणी भरून पुन्हा बूच बसवलेल्या बाटल्या ठेवल्या आहेत. जोडी-जोडीनं या. एकानं उघडायची, दुसऱ्यानं गेस्ट व्हायचं आणि बुचाखाली भुसा पडला का ते बघायचं. नॅपकिन आधी हातावर घ्या.