पहिला टॅरँटुला निवडताना

टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचं मनात आलं की बहुतेक जण आधी फोटो बघतात. निळा दिसतो, केशरी दिसतो आणि निवड तिथेच होऊन जाते. आज मला एवढंच पटवून द्यायचंय की रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी तो प्राणी घाबरल्यावर काय करतो ते विचारा.

पोइसिलोथेरिया मेटॅलिका हा निळा टॅरँटुला घ्या. त्याचं वर्णन 1899 साली झालं, तेही आंध्र प्रदेशातल्या गुत्तीला सापडलेल्या एका नमुन्यावरून. पुढे जवळपास शंभर वर्षं तो अभ्यासकांना पुन्हा दिसला नाही. आज तो नंद्याल आणि गिद्दलूरच्या दरम्यानच्या जंगलात उरलाय आणि अतिसंकटग्रस्त मानला जातो. इतका सुंदर कोळी मी दुसरा पाहिलेला नाही. तरीही पहिला म्हणून तो घेऊ नका. तो झाडाच्या ढोलीत राहणारा आणि विजेसारखा पळणारा आहे. या पोइसिलोथेरिया प्रजातीतला कोळी चावला तर स्नायूंना जबर पेटके येतात आणि कधीकधी ते काही दिवसांनी पुन्हा उलटतात. टॅरँटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही हे खरं, पण पेटक्यांनी कळवळणाऱ्या माणसाला त्याचा काय दिलासा?

आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरँटुलांकडे अंगावरचे खाजरे केस नसतात. बचावाला त्यांच्याजवळ वेग आणि दंश एवढंच असतं. अमेरिका खंडांतल्या बऱ्याच जातींच्या पोटावर मात्र बारीक काटेरी केस असतात. धोका वाटला की त्या मागच्या पायांनी ते झाडतात. म्हणजे चावण्याआधी त्यांच्याकडे आणखी एक उपाय असतो आणि नवख्या माणसाला तेवढी सवलत फार मोलाची असते. केस त्वचेला लागले तर खाज सुटते, ती सोसता येते. डोळ्यात गेले तर प्रकरण गंभीर होतं, ते बुबुळात रुततात. म्हणून पेटी उघडताना चेहरा दूर ठेवा, काम झालं की हात धुवा आणि तोवर डोळे चोळू नका.

पण अमेरिकेतला म्हणजे सोपा, असंही समजू नका. थेराफोसा ब्लाँडीच्या पायांचा पसारा तीस सेंटीमीटरपर्यंत जातो, त्याचे केस फार त्रासदायक असतात आणि त्याला ओलावा सतत लागतो. साल्मोपियस तर अमेरिकेतला असूनही खाजऱ्या केसांविना असतो आणि भन्नाट पळतो.

मग घ्यायचा कोणता? मला विचाराल तर टिल्टोकॅटल अल्बोपिलोसस. मध्य अमेरिकेतला, तपकिरी, अंगभर कुरळ्या केसांचा. फोटोत कुणाचं लक्ष जाणार नाही त्याच्याकडे. पण तो संथ आहे, खायला तयार असतो आणि थोडंफार चुकलं तरी निभावून नेतो. ब्रॅकिपेल्मा हॅमोराय, म्हणजे लाल गुडघ्यांचा मेक्सिकन, हीही चांगली निवड. तो केस मात्र सहज झाडतो. ग्रामोस्टोला पुल्क्रा काळाभोर, शांत आणि वाढीला अतिशय मंद. घाई असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता आयुष्याचं बघू, कारण याचा विचार फार कमी लोक करतात. ब्रॅकिपेल्माची मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते. नर वयात आला की त्यानंतर साधारण वर्ष-दोन वर्षांतच संपतो. अगदी लहान पिल्लू घेतलं तर नर की मादी हे कळत नाही. म्हणून पहिल्यांदा घेताना थोडा वाढलेला, शक्य असेल तर मादी म्हणून खात्री झालेला प्राणी घ्या. नखाएवढं पिल्लू लवकर सुकतं, त्याला चूक झेपत नाही.

पेटी मोठी असली की प्राणी सुखी, असं आपल्याला वाटतं. जमिनीवर राहणाऱ्या टॅरँटुलाच्या बाबतीत हे घातक ठरतं. त्याचं पोट मऊ असतं. उंचावरून पडून ते फुटलं तर रक्तद्रव वाहून जातो. त्याचे पाय सरळ होतात तेच या द्रवाच्या दाबाने, त्यामुळे तो गेला की सगळंच गेलं. माती भरपूर भरा आणि वर मोकळी जागा पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून फार ठेवू नका. लपायला आडोसा, उथळ भांड्यात पाणी आणि हवा खेळती, एवढं पुरतं. उष्णतेचा दिवा लावू नका, तो प्राण्याला सुकवतो.

आणि हातावर घेऊ नका. तो तुम्हाला ओळखणार नाही, त्याला तुमचा स्पर्श हवासा वाटणार नाही. यात धोका तुमच्यापेक्षा त्याला जास्त आहे. पाळण्याचा आनंद बघण्यात आहे: तो बीळ कसं खणतो, जाळं कसं अंथरतो, रातकिड्याची चाहूल पायांनी कशी घेतो.

कधी तो आठवडेच्या आठवडे खाणार नाही. केस झडलेली पोटाची जागा काळी पडली तर समजा, कात टाकायची वेळ आली. मग एक दिवस तो पाठीवर उताणा पडलेला दिसेल. मेला समजून हलवू नका. कात टाकताना आणि नंतरचे काही दिवस त्याचं अंग आणि सुळे मऊ असतात. त्या काळात पेटीत जिवंत रातकिडा राहिला तर तोच त्याला कुरतडतो.

शेवटचं, घेताना विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: शास्त्रीय नाव काय आणि पिल्लू पिंजऱ्यात जन्मलेलं की रानातून पकडलेलं? मेक्सिकोतल्या लाल गुडघ्यांच्या कोळ्यांची व्यापारासाठी एवढी पकड झाली की 1985 मध्ये त्यांना साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात घ्यावं लागलं आणि 1994 मध्ये संपूर्ण ब्रॅकिपेल्मा प्रजातीच त्यात आली. त्यामुळे कागद मागायला संकोचू नका. ज्याला या दोन प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, त्याच्याकडून प्राणी घेऊ नका, मग तो कितीही देखणा असो.