समुद्रातलं हरवलेलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

2010 आणि 2011 या वर्षांत समुद्रानं शास्त्रज्ञांना बुचकळ्यात टाकलं. एरवी वर्षाला 3 मिलिमीटरच्या आसपास चढणारी त्याची सरासरी पातळी चक्क 5 मिलिमीटरनं उतरली. तापमानवाढ म्हणजे थोतांड, असं म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत! आता 5 मिलिमीटर म्हणजे ते काय, असं वाटेल. पण जगभरच्या समुद्रावर तेवढा थर चढवायचा तर आपली सहाएकशे कोयना धरणं काठोकाठ भरून ओतावी लागतील. मग एवढं पाणी गेलं कुठं?

नुसती पट्टी लावून उंची कळते, कारण कळत नाही. पाणी तापलं की फुगून वर येतं, आणि बर्फ वितळून भर पडली तरी वर येतं. यातलं काय झालं हे ओळखायचं, तर पाण्याचं वजनच करायला हवं.

ते काम तेव्हा ‘ग्रेस’ ही यानांची जोडी करत होती. नाव ऐकून नागपूरचे कवी आठवले असतील; त्यांचा इथं संबंध नाही. अमेरिका आणि जर्मनीनं मार्च 2002मध्ये ही जोडी सोडली. एकाच कक्षेत, एकामागून एक, मध्ये साधारण 220 किलोमीटर. गंमत म्हणजे वजन करताना ही यानं खाली पाहतच नाहीत, एकमेकांकडे पाहतात. ग्रीनलंडचा बर्फ जवळ आला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीनं पुढचं यान जरा खेचलं जातं आणि अंतर वाढतं. मागचंही त्या ओढीत आलं, की पुन्हा घटतं. हा फरक केसाच्या जाडीहून बारीक, पण मायक्रोवेव्ह लहरी तो टिपतात. महिन्याभराची टिपणं जुळवली, की पाणी कुठं वाढलं, कुठं आटलं, याचा नकाशा हाती येतो. पंजाब, हरयाणा, राजस्थानच्या पोटातलं 109 घनकिलोमीटर पाणी 2002 ते 2008 या काळात संपलं, हे याच नकाशांवरून कळलं. एकाही विहिरीत दोर न सोडता!

तर आपलं हरवलेलं पाणी. त्या वर्षी ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड पडण्याची स्थिती, जोरात होती. समुद्राची वाफ जमिनीवर कोसळली. नकाशात दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग जड दिसला, ऑस्ट्रेलिया जड दिसला. एरवी नद्या असं पाणी समुद्राला परत करतात. पण ऑस्ट्रेलियाच्या मधल्या मुलखातलं पाणी लेक आयरच्या खोलगट, खारट मैदानाकडे जातं आणि तिथून समुद्राकडे वाटच नाही. उन्हानं वाफ होईपर्यंत ते तिथंच अडकून पडलं. ग्रीनलंडचा बर्फ या सगळ्या काळात वितळतच होता. 2011 संपता संपता समुद्र पुन्हा चढू लागला.